ज्वालेतून सिरियम ऑक्साइड बनवताना: माझा अनुभव

फिल्टरवरून पहिल्यांदा सिरियम या धातूच्या ऑक्साइडची पावडर खरवडली, तेव्हा ती चाळलेल्या पिठासारखी मऊ होती. रंग फिकट पिवळा, वजन जवळजवळ नाहीच. मला वाटलं, जमलं.

पद्धत होती फ्लेम स्प्रे पायरोलिसिस. धातूचा क्षार ज्वलनशील द्रावकात विरघळवायचा, ते द्रावण बारीक नळीतून सोडायचं, भोवतालच्या ऑक्सिजनच्या झोताने त्याचे तुषार करायचे आणि मिथेन-ऑक्सिजनच्या छोट्या पायलट ज्योतींनी ते पेटवायचे. आतलं तापमान २००० अंशांच्या वर जातं. थेंबाची वाफ होते, ऑक्साइडचे रेणू एकत्र येतात, आदळतात, चिकटतात, एकजीव होतात, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं. वर काचतंतूंचा फिल्टर आणि त्यामागे व्हॅक्यूम पंप.

मी सिरियम नायट्रेटचं इथेनॉलमधलं ०.२ मोलर द्रावण घेतलं होतं. मिनिटाला ५ मिली द्रावण, ५ लिटर ऑक्सिजन. हिशेबाने मिनिटाला जेमतेम ०.१७ ग्रॅम ऑक्साइड तयार होतं आणि तेही सगळं फिल्टरवर पोचत नाही. सुरुवातीचे काही दिवस नोझल तुंबण्यात गेले. द्रावण बंद केल्यावर लगेच नुसतं द्रावक सोडून नळी धुवायला लागले, तशी ती तक्रार संपली.

बीईटीने (पावडरीवर किती वायू चिकटतो त्यावरून पृष्ठफळ मोजायची पद्धत) पृष्ठफळ ग्रॅमला ३० चौरस मीटर दाखवलं. ६ भागिले (घनता गुणिले पृष्ठफळ), या सूत्रात सिरियाची, म्हणजे सिरियम ऑक्साइडची, घनता ७.२ धरली की सरासरी व्यास २८ नॅनोमीटरच्या आसपास येतो. आकडा वाईट नव्हता. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधली चित्रं आली. पाच-दहा नॅनोमीटरच्या कणांचा चुरा, आणि त्यात मधेमधे दोन-तीनशे नॅनोमीटरचे पोकळ गोळे. काही फुटलेले, अगदी अंड्याच्या टरफलासारखे. २८ नॅनोमीटरचा म्हणावा असा कण शोधूनही सापडेना. तेव्हापासून चित्र पाहिल्याशिवाय मी सरासरीवर विश्वास ठेवत नाही.

मी ज्योतीला दोष दिला. ऑक्सिजन वाढवला, द्रावणाचा वेग कमी केला, दोन आठवडे हेच चाललं. गोळे कमी झाले, गेले मात्र नाहीत. खरी गोम थेंबात होती. इथेनॉल ७८ अंशांना उकळून निघून जातं, नायट्रेटची मात्र वाफ होत नाही. थेंब वरून सुकतो, त्यावर क्षाराचं कवच धरतं, आत अडकलेली वाफ आणि विघटनाचे वायू ते फुगवतात. ज्योत कितीही कडक असली तरी तिच्या हाती येतं ते हे तयार कवच.

उपाय द्रावकातच सापडला. इथेनॉलमध्ये तेवढंच २-इथाइलहेक्झानोइक आम्ल मिसळलं. वास खवट आणि हातमोज्यांनाही चिकटून राहणारा, पण काम चोख. नायट्रेटचा काही भाग या आम्लाशी जोडला जाऊन सहज वाफ होणारं रूप घेतो. शिवाय आम्ल २२८ अंशांना उकळतं, त्यामुळे आधी उकळणारं इथेनॉल थेंबाला आतून फोडतं आणि कवच धरायला वेळच मिळत नाही.

त्या दिवशी ज्योत पेटली तीच वेगळी, लांब आणि पांढरट. पंप थांबवून, फिल्टर गार झाल्यावर, हवा खेचून घेणाऱ्या हूडमध्येच आणि बारीक धूळ अडवणारा पी३ मास्क लावून पावडर काढली. (नवीन येणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. इतकी बारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाते.) या वेळी पृष्ठफळ ८० च्या घरात, म्हणजे व्यास साधारण १० नॅनोमीटर. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक तपासायची पद्धत) २८.५ अंशांचं शिखर रुंद झालं होतं (स्फटिक जितका बारीक, तितकं शिखर रुंद), आणि त्याच्या रुंदीवरून काढलेला आकारही दहाच्या जवळच. दोन वेगळ्या मापांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. चित्रांत कोनेदार छोटे स्फटिक एकमेकांना चिकटून बसलेले, गोळा एकही नाही.

मग ऑक्सिजन ५ वरून ८ लिटर केला. ज्योत आखूड झाली, कणांना आत राहायला वेळ कमी मिळाला, आणि ते आणखी बारीक झाले. दोन आठवडे ज्या नॉबशी मी झगडत होते, तो आता सांगेल ते ऐकत होता.