गाडीसाठी बारमाही मॅट निवडताना

सलग काही आठवडे पाऊस झाला आणि गाडीचे दार उघडल्याबरोबर कुबट वास येऊ लागला. एसीचा फिल्टर बदलला, सीट उन्हात वाळवल्या, काचा उघड्या ठेवून गाडी दिवसभर उभी केली, तरी वास हटेना. शेवटी एका रविवारी चालकाच्या पायाखालची मॅट बाहेर काढली. मॅट स्वच्छ आणि कोरडी होती. तिच्याखालचे कार्पेटही डोळ्यांना कोरडेच दिसत होते. पण कार्पेटवर अंगठा दाबला, तेव्हा अंगठ्याभोवती गढूळ पाणी जमा झाले.

कार्पेटच्या खाली नमद्याचा किंवा फोमचा जाड थर असतो. रस्त्याचा आवाज आणि उष्णता आत येऊ नये, यासाठी तो घातलेला असतो. हा थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि वर कार्पेट, खाली पत्रा अशा कोंडीत सापडल्यामुळे त्याला वारा असा लागतच नाही. वरचे कार्पेट लवकर सुकते, खालचा थर मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि बुरशी तिथेच धरते. काचा बंद करून ठेवलेल्या अशा गाडीत सकाळी काचांना आतून जे दव धरते, त्यालाही हीच ओल हातभार लावते. शिवाय बहुतेक गाड्यांत वायरिंगचे जुडगे कार्पेटखालून गेलेले असतात आणि काही जोडण्या सीटखाली असतात, त्यामुळे ओल तिथवर पोहोचली की प्रकरण वासापुरते उरत नाही. मला सीट सोडवून, कार्पेट उचलून तो थर चार दिवस वाळवावा लागला. त्या चार दिवसांत मॅट या वस्तूचा मी प्रथमच नीट विचार केला आणि नवी मॅट घेताना जे पाहिले, तपासले, ते येथे लिहीत आहे.

मॅट बदलण्याआधी पाणी कोठून येते आहे, हे मात्र शोधून काढावे. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली, दाराचे रबर फाटले किंवा सनरूफच्या कोपऱ्यातील निचऱ्याची वाट बंद झाली, तर पाणी मॅटच्या खालूनच येते आणि वर कितीही चांगली मॅट घातली तरी ती ओल फक्त झाकली जाते. बुटांवरून आलेले पाणी गढूळ असते आणि पाय ठेवण्याच्या जागेभोवती सापडते. एसीचे पाणी स्वच्छ असते आणि बहुधा डॅशबोर्डच्या खालून उतरते. माझ्या गाडीत ते बुटांवरूनच आलेले होते. जुनी मॅट दिसायला नीटनेटकी, पण सपाट होती. तिला कड नव्हती, म्हणून बुटांवरून गळलेले पाणी तिच्यावरून ओघळून कडेने कार्पेटमध्ये उतरत राहिले. मॅट स्वच्छ दिसत होती, कारण तिच्यावर काही थांबतच नव्हते.

म्हणूनच बारमाही मॅटमध्ये मी सर्वांत आधी कड पाहतो. जुन्या मॅटचा पाय ठेवण्याचा भाग मोजला, तेव्हा तो सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद भरला. एवढ्या जागेत एक मिलिमीटर पाणी साचले तरी ते २७० मिलिलिटर होते, म्हणजे पेलाभराहून जास्त. त्याच जागेला दोन सेंटिमीटरची कड असेल तर हिशेबाने पाच लिटरहून अधिक पाणी मावते. पण गाडी कधी चढावर असते, कधी वळणावर कलते, ब्रेक लागला की पाणी पुढे धावते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याचा लहानसा हिस्साच हिशेबात धरता येतो. येथे पृष्ठभागावरील खोल पन्हळी कामाला येतात. त्या पाण्याची लहान लहान वाटणी करतात आणि ते एकदम एका बाजूला जाऊ देत नाहीत. बुटाचा तळवाही उंचवट्यांवर राहतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात पाय बुडत नाही. नुसतीच वरवरची नक्षी असेल, बोटाने चाचपून खोली जाणवत नसेल, तर ती नक्षी शोभेची समजावी.

कडेची उंची जितकी महत्त्वाची, तितकाच तिचा ताठपणा. दुकानात मॅट जमिनीवर ठेवून दाराकडच्या कडेवर टाच दाबून पाहावी. गाडीत चढता-उतरताना बूट नेमका तिथेच लागतो. कड लगेच आडवी होत असेल आणि सोडल्यावर सावकाश उठत असेल, तर वर्षभराने ती आडवीच राहील आणि पाण्याला तिथून वाट मिळेल. चालकाच्या मॅटबाबत आणखी एक जागा पाहावी लागते, ती म्हणजे डावा पाय टेकवण्याची पट्टी. पुष्कळ मॅट तिच्या पायथ्याशीच संपतात, आणि लांबच्या प्रवासात ओला बूट तासन् तास त्याच पट्टीवर असतो.

आता साहित्याविषयी. रबराची मॅट जड असते आणि तो तिचा मोठा गुण आहे, कारण वजनामुळे ती जागची हलत नाही. कडाक्याच्या थंडीतही ती लवचीक राहते. रबर टिकाऊ करण्यासाठी गंधकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून नव्या मॅटला सुरुवातीला उग्र वास येतो. काही दिवस मोकळ्या हवेत ठेवल्यावर तो बराच कमी होतो. वर्षानुवर्षे ऊन आणि हवा खाऊन रबराला बारीक चिरा पडतात, पण तोवर तिने आपले काम चोख केलेले असते.

पीव्हीसीची मॅट स्वस्त पडते आणि दिसायला रबरासारखीच असते, म्हणून फसगत होते. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ करण्यासाठी त्यात जी द्रव्ये मिसळतात, ती उन्हात तापलेल्या गाडीत हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकट थर बसतो, त्यात या द्रव्यांचाही वाटा असतो. द्रव्ये गेली की मॅट ताठर होते, थंडीत तर अधिकच, आणि दुमडीवर तडकते. थोड्या काळासाठी ती चालेल. बारमाही म्हणून मी ती घेणार नाही.

टीपीई नावाने मिळणारे साहित्य रबर आणि प्लास्टिक यांच्या मधले आहे. ते हलके असते, फारसा वास येत नाही, आकार धरून राहते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. यातील काही मॅटचा पृष्ठभाग मात्र ओला झाल्यावर निसरडा होतो. यावर उपाय सोपा आहे: मॅटवर थोडे पाणी शिंपडून त्यावर रोजच्या वापरातला बूट घासून पाहावा. टीपीईच्या मॅट दोन रीतींनी बनतात. तापवलेला सपाट पत्रा साच्यावर ओढून केलेल्या मॅटमध्ये कोपऱ्यांशी, म्हणजे जिथे पत्रा सर्वांत जास्त ताणला जातो तिथे, जाडी कमी होते. साच्यात वितळलेला माल दाबून भरून केलेल्या मॅटची जाडी हवी तशी राखता येते आणि पन्हळीही अधिक खोल घेता येतात. कोपरा चिमटीत धरून मध्यभागाशी ताडून पाहिला की हा फरक बोटांना कळतो.

ईव्हीए नावाच्या फोमच्या मॅटवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचे कप्पे असतात आणि धूळ, पाणी त्यांत अडकून राहते. ती फार हलकी असते. एका हाताने उचलून झटकता येते. पण मुळात तो फोम असल्याने चालकाच्या टाचेखाली तो दबतो आणि झिजतो. म्हणून त्या जागी वेगळी कठीण पट्टी बसवलेली असेल, तरच ती विचारात घ्यावी.

राहिल्या त्या कृत्रिम चामड्याच्या, फोम भरून शिवलेल्या मॅट. त्यांच्या नावापुढे पाच किंवा सात आकडा लावून डी हे अक्षर जोडतात. त्या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही, ती विक्रेत्यांनी रूढ केलेली नावे आहेत. दिसायला त्या देखण्या असतात, हे मी मान्य करतो. मात्र शिवणीच्या प्रत्येक टाक्याला एक भोक असते आणि एकदा आतला फोम भिजला की तोही त्या कार्पेटखालच्या थरासारखाच वागतो. कोरड्या हवेत, हलक्या वापरासाठी त्या घ्याव्यात. चिखलाच्या आणि बर्फाच्या दिवसांसाठी घेऊ नयेत.

येथवर सारे पाण्याविषयी झाले, परंतु चालकाच्या मॅटची खरी परीक्षा पेडलपाशी होते, आणि हा भाग वाचकाने घाईने ओलांडू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटा कंपनीच्या एका लेक्सस ईएस ३५० गाडीचा ॲक्सिलरेटर दाबलेल्या स्थितीतच अडकला आणि अपघातात गाडीतील चारही जण मरण पावले. तपासात आढळले ते असे: गाडीत दुसऱ्याच मॉडेलची बारमाही मॅट घातलेली होती आणि ती जागेवर अडकवलेली नव्हती. त्याच गाडीत काही दिवस आधी दुसऱ्या एका चालकाचे पेडलही तसेच अडकले होते. टोयोटाने २००७ मध्येच काही गाड्यांच्या ५५,००० बारमाही मॅट परत मागवल्या होत्या. या अपघातानंतर सुमारे ३८ लाख गाड्या दुरुस्तीच्या कक्षेत आल्या आणि अनेक मॉडेलच्या ॲक्सिलरेटरचा आकार बदलावा लागला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष असावा, अशीही शंका तेव्हा घेतली गेली. नासाच्या अभियंत्यांनी ती तपासली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तसा दोष आढळला नाही.

ही घटना मी मुद्दाम सविस्तर लिहिली, कारण त्यातली मॅट फाटकी किंवा हलक्या प्रतीची नव्हती. ती जाड होती, कडेची होती, म्हणजे मी वर ज्या गुणांची शिफारस केली ते तिच्यात होते. फक्त ती त्या गाडीची नव्हती. कड जितकी उंच आणि ताठ, तितकी ती चुकीच्या जागी अधिक घातक ठरते. म्हणून मॉडेल, त्याचे वर्ष, स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे, गिअर हाताने बदलायचे की आपोआप बदलणारे, हे सारे जुळल्याशिवाय चालकाची मॅट घेऊ नये. क्लच असलेल्या गाडीत डाव्या पेडललाही पूर्ण खाली जायला जागा लागते. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर वरून लोंबत नाही, तो खाली फरशीलाच बिजागरीने जोडलेला असतो. तिथे मॅटला नेमका तेवढा छेद असावा लागतो.

गाडीच्या फरशीवर चालकाच्या बाजूला मॅट अडकवण्यासाठी सहसा हूक किंवा फिरवून बंद करायच्या खुंट्या असतात. मॅटची भोके त्यांवर नेमकी बसली पाहिजेत. खालचे बारीक काटे कार्पेटमध्ये रुततात खरे, पण काटे हूकची जागा घेऊ शकत नाहीत. जुन्या मॅटवर नवी मॅट तर कधीही घालू नये, कारण वरच्या मॅटला धरून ठेवणारे खाली काहीच उरत नाही आणि उंची वाढते ती वेगळीच.

मॅट बसवल्यावर मी इंजिन बंद ठेवून ती दोन्ही हातांनी पेडलकडे जोराने ढकलतो. मग सीटवर बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि एकदम सोडतो. तो कोठेही न घासता परत आला पाहिजे. क्लच आणि ब्रेकचेही तसेच. माझ्या जुन्या गाडीत एकदा एका दुकानातील माणसाने कापून बसवायची मॅट पेडलखाली दोन बोटे जास्त ठेवली होती आणि दाबलेला ॲक्सिलरेटर तिच्या कडेखाली क्षणभर थांबला होता. गाडी उभी होती म्हणून निभावले. कापून बसवायची मॅट घेतलीच, तर मागच्या रेषांवरून थोडी थोडी कापत जावी आणि प्रत्येक वेळी ही तपासणी करावी. चालत्या गाडीत पेडल अडकलेच, तर ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये. पुष्कळ गाड्यांत इंजिन पूर्ण जोरात असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी पुन्हा तयार होत नाही आणि दोनतीनदा सोडून दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. गाडी कडेला पूर्ण थांबल्यावरच इंजिन बंद करावे.

मागच्या बाजूला एवढे जिकिरीचे काही नसते. मधल्या उंचवट्यावरून जाणारी अखंड मॅट असेल तर मधल्या प्रवाशाच्या बुटांचेही पाणी सांभाळले जाते. पुढच्या सीटखाली मागच्यांसाठी हवेचे झरोके असतील, तर ते झाकले जात नाहीत ना आणि सीट मागेपुढे सरकताना मॅटची कड रुळात सापडत नाही ना, एवढे पाहिले की झाले.

शेवटी मी साच्यात भरून केलेली, माझ्या मॉडेलची टीपीईची मॅट घेतली. धुण्यासाठी सौम्य साबण, पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. चमक आणणारी सिलिकॉनची द्रव्ये किंवा टायरचे पॉलिश मॅटला कधीही लावू नये, त्याने ती निसरडी होते आणि टाच घसरते. दर आठवड्याला मी मॅट आडवी उचलून साचलेले पाणी बाहेर ओततो, खालच्या कार्पेटवर अंगठा दाबून पाहतो, मॅट दोन्ही बाजूंनी पुसून परत हूकवर बसवतो आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडतो. एक पूर्ण पावसाळा होऊन गेला. अंगठा अजून कोरडाच निघतो.