आधी दुरुस्ती, मग खरेदी?

नवी बॅच रुजू झाली की आमच्याकडे त्यांना आधी डेटा साफ करायला बसवतात. मुलं नाकं मुरडतात. पदवी काय यासाठी घेतली?

त्या दिवशी अहवाल ग्राहकाकडे जायच्या आधीची शेवटची बैठक होती. यंत्रांच्या खरेदीची यादी एका एक्सेल फाइलमधली, दुरुस्तीच्या नोंदी दुसऱ्या फाइलमधून आणून चिकटवलेल्या. आलेख झकास दिसत होते, चर्चा रंगांवर चालली होती. तेवढ्यात कोपऱ्यातली नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हे यंत्र घेतलं 2019 मध्ये. मग त्याची दुरुस्ती 2017 मध्ये कशी झाली?"

"टायपिंगची चूक असेल, पुढे चला," टीम लीडने विषय उडवून लावला.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सर्व्हिस रिपोर्टच्या स्कॅनवरची तारीख, आमच्या तक्त्यातली तारीख आणि दोन्हींतला फरक असे तीन रकाने. तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा: 1462. खाली लिहिलं होतं, "फरक सगळीकडे सारखाच, म्हणजे टायपिंगची चूक नसावी. कारण मला कळलेलं नाही."

कारण मला लगेच कळलं. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे नुसती दिवसांची मोजणी. बहुतेक फाइलींत ती 1900 पासून सुरू होते, जुन्या मॅकवर बनलेल्या फाइलींत 1904 पासून. एकीतली तारीख दुसरीत चिकटवली की ती चार वर्षं आणि एक दिवस, म्हणजे बरोबर 1462 दिवस सरकते, आणि एक्सेल हूं की चूं करत नाही. सेटिंग उघडून पाहिलं. दुरुस्तीच्या फाइलवर 1904 ची टिकमार्क होतीच.

अहवाल नव्याने काढला. बरीच वर्षं सर्व्हिसिंग नाही म्हणून 'तातडीने तपासा' यादीत गेलेली बहुतेक यंत्रं यादीतून बाहेर पडली.

नवे पदवीधर मला हमखास विचारतात, कॉन्फिडन्स कसा वाढवायचा? त्या खोलीत कॉन्फिडन्स रग्गड होता हो! नुसतं "काहीतरी चुकतंय" म्हणणाऱ्यासाठी भरल्या बैठकीत कोणी थांबत नाही. काय दिसलं, काय पडताळलं आणि कुठे अडलं, हे मांडून दाखवलं की वरिष्ठांनाही टाळता येत नाही. कॉलेजात "मला कळलेलं नाही" लिहिलं की मार्क जातात, म्हणून मुलं तेवढंच लपवतात. मला तर त्याच ओळीमुळे नेमकं कुठे बघायचं ते समजलं.

दुपारी टीम लीड तिच्या टेबलाशी गेला. "ती तुझी शीट मला पाठव."

"सर, स्कॅनसकट पाठवू की नुसती?"