रंग उतरवायची वेळ

कॉलेजात असताना आमच्या हौशी नाटकमंडळीत मी अभिनय सोडून सगळं केलं. मुख्य काम रंगपटात. दाढीमिशा चिकटवायच्या आणि प्रयोग संपला की खोबरेल तेलात बुडवलेला कापूस घेऊन त्या सोडवायच्या. आमचा एक राजा होता, तो तेल लावूच द्यायचा नाही. टिळा, काजळ, कल्ले सगळं तसंच ठेवून टपरीवर कटिंग प्यायला जायचा आणि चहावाल्यालाही ‘कोण आहे रे तिकडे!’ करायचा.

त्यामुळे इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवी मी आधी ऐकला नाही, पाहिला. तोही रंगपटातल्याच नजरेने. जुलै १९७२, बीबीसीचा गाण्यांचा टीव्ही कार्यक्रम ‘टॉप ऑफ द पॉप्स’. शेंदरी केस, अंगाला चिकटलेला रंगीबेरंगी पोशाख, हातात निळी गिटार. ‘स्टारमॅन’ गाताना तो शेजारच्या गिटारवादकाच्या गळ्यात हात टाकतो आणि एका ओळीला थेट कॅमेऱ्यावर बोट रोखून ते हलकेच गोल फिरवतो. जणू घरात जेवत बसलेल्या एकाच कुणाला तरी बोलावतोय! हा मूळचा ब्रिक्स्टनचा डेव्हिड जोन्स. लिंडसे केम्पकडे मूकाभिनय शिकलेला. ते बोट उगाच हललेलं नाही.

झिगी स्टारडस्ट नावाचा परग्रहावरून आलेला गायक त्याने उभा केला आणि त्यात कसर ठेवली नाही. जपानी डिझायनर कान्साई यामामोटोचे कपडे, वर काबुकी या जपानी नाट्यप्रकारातली युक्ती: दोन बाजूंनी ओढलं की वरचा झगा फाकतो आणि आतून दुसराच पोशाख निघतो. आमच्याकडे ब्लॅकआउटमध्ये नुसता शेला बदलताना दोघे एकमेकांवर आपटायचे.

गाणी पडेल असती तर ही नुसती वेशभूषा स्पर्धा झाली असती. पण ‘स्टार’ आणि ‘मॅन’ या दोन तुकड्यांत सूर अख्खं सप्तक उडी मारतो. मी न्हाणीघरात प्रयत्न करून पाहिलाय. ‘स्टार’पर्यंत ठीक असतं.

आणि मग ३ जुलै १९७३, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन थिएटर. शेवटच्या गाण्याआधी बोवी माइकवर सांगून टाकतो की हा आपला शेवटचा प्रयोग. झिगीला जेमतेम दीड वर्ष झालेलं, लोक वेडे झालेले आणि हा कापूस घेऊन बसला! बेसवाल्याला आणि ड्रमरला मात्र ही बातमी प्रेक्षकांबरोबरच कळली. हे मला आजही खटकतं. मंडळींना आधी सांगायला नको?

त्याच्या फोटोंत दोन डोळे वेगळे दिसतात. डावी बाहुली कायमची मोठी. शाळेत असताना एका मुलीवरून मित्राचा ठोसा बसला, त्याची ती खूण. त्या जॉर्ज अंडरवुडशी दोस्ती मात्र टिकली, पुढे त्याने बोवीच्या अल्बमसाठी चित्रंही काढली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं तेव्हा मी सरळ लेन्स समजलो होतो आणि मनात म्हटलंही होतं, मेकअपवाला दुसऱ्या डोळ्यातली घालायला विसरला.