खुंटीपासून अर्धी वीत

बेस गिटारच्या तारांचं नवं पाकीट फोडून एक तार उलगडली की ती गिटारला लांब होते. व्हायलाच हवी. ती कुणाच्या बेसवर चढणार हे तार बनवणाऱ्याला कसं कळावं? कुणाच्या बेसला चारही खुंट्या एका रांगेत, कुणाच्या दोन इकडे, दोन तिकडे. कुणी तार ब्रिजमधून, म्हणजे गिटारच्या पोटावर तार जिथे अडकते त्या पट्टीतून ओवतं, कुणाला ती गिटारच्या पाठीकडून आत घालावी लागते. म्हणून तयार पँटी जशा सगळ्यांनाच लांब होतील अशा शिवून दुकानात टांगतात आणि खालून दुमडून टीप मारायचं काम गिऱ्हाइकावर सोडतात, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच, की पँट आखूड झाली तर धाकट्या भावाला होते. तार आखूड कापली तर कुणालाच होत नाही. आणि चार तारांच्या सेटला दोन-अडीच हजार रुपये मोजलेले असतात, त्यामुळे हातात कटर घेतल्यावर माणूस जरा गंभीर होतो.

माझं माप अर्धी वीत. तार ब्रिजमधून ओवायची, नटच्या, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडच्या खाचांच्या पट्टीच्या, खाचेत बसवायची, ताठ ओढायची आणि तिच्या खुंटीच्या पुढे अर्धी वीत सोडून कापायची. कुणी पुढच्या दोन खुंट्या मोजायला सांगतं, पण ज्या तारेच्या पुढे खुंटीच नसते, तिथे ही मोजणी कोलमडते. कुणी चार इंच सांगतं, कुणी पाच. फिरून फिरून सगळे अर्ध्या वितेपाशीच येतात. एवढी तार खुंटीवर दोन-तीन वेढे देते, आणि तेवढेच हवे असतात. कमी पडले तर तार सरकते. जास्त झाले तर वेढ्यावर वेढा चढतो, खुंटीवर गुंता होतो आणि ती तार सुरात म्हणून राहत नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली बसला पाहिजे, म्हणजे तार नटवरून उतरताना खाली ओढली जाते आणि खाचेत घट्ट बसते. वरवर बसलेली तार मोकळी, म्हणजे बोट न दाबता, वाजवली की चरचरते.

कापण्याआधी तार काटकोनात वाकवायची. मला हे बरीच वर्षं कुणाचं तरी सोवळं वाटायचं, पण त्याला कारण आहे. बेसची तार एकसंध नसते. आत पोलादाचा गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. गाभा षट्कोनी असेल तर त्याचे कोपरे गुंडाळीला धरून ठेवतात. गोल असेल तर धरायला काही नसतं. न वाकवता कापलं की गुंडाळी आतल्या आत सैलावते आणि कोरी करकरीत तार मुकी होते. आधी वाकवली की त्या वळणापाशी दोघी एकमेकींत अडकतात, मग पुढे खुशाल कापा. बऱ्याच तारांच्या टोकाला लाल, हिरव्या नाहीतर काळ्या रेशमाचा वेढा असतो. तो खुंटीकडेच राहावा, नटच्या अलीकडे येऊ नये. तो कुठे संपतो हे कापण्याआधी बघायचं. कापल्यावर बघून उपयोग नसतो.

मुळात ही गुंडाळी कशाला? तारेची लांबी, ताण आणि वजन यांवर तिचा सूर कसा ठरतो, हे मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६३६ साली लिहून ठेवलं. सूर खाली न्यायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. लांबीला हाताची मर्यादा. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ३४ इंच ठरवले, आणि आजही बहुतेक बेस तेवढेच असतात. सैल केली तर तार फडफडते. उरलं वजन. पण नुसती जाड पोलादी तार घ्याल तर ती सळईकडे झुकते, आणि सळई तारेसारखी कंप पावत नाही. म्हणून गाभा बारीक ठेवून वजन बाहेरून गुंडाळायचं. ४५ ते १०५ असा जो नेहमीचा सेट मिळतो, त्यातली सगळ्यात जाड, ई सुराची तार एक इंचाच्या हजार भागांपैकी १०५ भाग जाडीची असते, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या जरा कमी.

ती मोकळी ई सेकंदाला ४१ वेळा थरथरते. आमच्या काकांकडे मिरजेचा तंबोरा आहे, काळी एकमध्ये लावलेला. त्याचा खर्ज ६९ च्या आसपास. म्हणजे त्यांचा खर्ज माझ्या चार तारांतल्या खालच्या दोघींच्या वर येतो. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "इतकं खाली जाऊन तुम्ही करता काय?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात मी मागच्या रांगेत, ड्रमरच्या शेजारी उभा असतो आणि लोक गायकाकडे बघतात. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्यांचं नाव घेतलं तर शंभरातले नव्वद जण विचारतील, कोण? पण त्या गाण्यांतला बेस काढून ऐकवला तर तेच नव्वद जण म्हणतील, काहीतरी गेलंय.

तारा कधी बदलायच्या, यावर बेसवाल्यांत दोन पंथ आहेत आणि दोघेही कट्टर. पूर्वी बेसच्या तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असायची, बोटाला गुळगुळीत, आवाजाला गोल. १९६६ च्या सुमारास इंग्लंडात रोटोसाउंडचे जेम्स हाऊ आणि 'द हू' या बँडचा जॉन एंटविसल यांनी मिळून गोल तारेची गुंडाळी जमवली. त्या तारा पियानोसारख्या खणखणीत वाजतात आणि तो खणखणाट झपाट्याने उतरतो. गुंडाळीच्या खाचांत घाम, कातडीचा तेलकटपणा आणि मळ साचतो, वरचे स्वर दबतात. एका पंथाला हा खणखणाट हवाच असतो, ते दर कार्यक्रमाआधी नवा सेट चढवतात.

दुसऱ्या पंथाचा देव जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कित्येक गाण्यांत त्याचा बेस आहे. जाड, चपट्या गुंडाळीच्या तारा, आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. १९८३ साली त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी तो बेस चोरीला गेला. चोराने घरी जाऊन पहिलं काम नव्या तारा चढवण्याचं केलं असेल, अशी मला उगाचच धास्ती वाटते.

मी या दोघांच्या मधला. नव्या तारांचे पहिले दोन-तीन दिवस मला आवडत नाहीत. बोट सरकलं की खरखर, आणि प्रत्येक स्वर पुढे येऊन आपली ओळख करून देतो. बेसने असं करू नये. आठवड्याने तारा माणसात येतात, मग चांगले महिने दोन महिने जातात. पावसाळ्यात मात्र मुंबईच्या हवेत त्या भराभर विझतात, आणि नेमका गणपतीचा हंगाम त्याच वेळी येतो. मग काटकसरीचा उपाय म्हणजे तारा उकळणे. चेष्टा नाही, जगभरचे बेसवाले करतात. पाण्याने मळ सुटतो, तारा पुसून कोरड्या करून परत चढवल्या की थोडे दिवस चमकतात. गंज आणि धातूचा थकवा मात्र उकळून जात नाही. आमच्याकडे यासाठी वेगळं पातेलं आहे. ते वेगळं असावं हा निर्णय आईचा, आणि त्यावर चर्चा झाली नाही.

जुन्या तारा मी चारही एकदम काढतो. सुरात असताना चौघी मिळून नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेवर, साधारण ८० किलोंचा ताण देतात. तो एकदम काढला तर नेक बिघडेल म्हणून काहीजण एकेक तार बदलतात. अर्ध्या तासात लाकडाला काही होत नाही. उलट मोकळ्या फ्रेटबोर्डवरून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या (फ्रेटच्या) फळीवरून, फडकं फिरवता येतं, आणि फ्रेटच्या कडेला साचलेलं जे निघतं ते पाहून हात धुवावेसे वाटतात. नव्या चढवल्या की नट आणि ब्रिजपाशी बोटाने दाबायच्या, मधे उचलून हलकेच ताणायच्या, सुरात आणायच्या. पुन्हा उतरतात. पुन्हा आणायच्या. काका दारातून विचारतात, "बसल्या का रे?" तंबोऱ्याची नवी तारही अशीच छळते, त्यामुळे या एका बाबतीत आमचं घराणं एक आहे.

शेवटी जमिनीवर चार तुकडे पडलेले असतात, टोकं सुईसारखी. आई ते लगेच उचलायला लावते, आणि गॅसच्या बर्नरची भोकं साफ करायला एक मागून घेते. परवा ईचा तुकडा दिला, भलामोठा, कारण ईची खुंटी नटच्या सगळ्यात जवळ. तिने तो बर्नरला लावून बघितला. "ही जाड आहे. बारकी दे." बारकी म्हणजे 'जी' सुराची तार. तिची खुंटी सगळ्यात लांब, त्यामुळे तिचा उरतो तो जेमतेम बोटभर. हे समजावून सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "मग कमी गुंडाळ." तिला जुनी 'जी' तार अख्खी देऊन टाकली.