इंदूरचे पोहे, गॅस न पेटवता

जूनच्या शेवटी पुण्याची आतेबहीण चार दिवस राहून गेली. ती रॉ फूडवाली. 42 ते 48 अंशांच्या वर तापलेलं काही खायचं नाही, असा तिचा नियम. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीसमोर ती संत्रं सोलत उभी राहिली आणि मी तिच्यासमोर पोहे-जिलबी संपवली. "दादा, तुला हे एक आठवडासुद्धा जमणार नाही," ती म्हणाली. मी तीन आठवडे म्हणून बसलो. फक्त नाश्त्यापुरतं, पण आवडीचेच पदार्थ, फळं कापून सुटका नाही.

मला वाटलं होतं, सोपं आहे. दडपे पोहे आहेतच की! पातळ पोहे, ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, काकडी, लिंबू. फोडणी गाळली की झालं. फोनवर बहीण हसली. "पोहे होतात कसे, माहीत आहे?" धान भिजवतात, भट्टीत भाजतात आणि मग दाबून चपटे करतात. म्हणजे पोहे घरात येतात तेच भाजून! शेव तळलेली. जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, त्यातलं जिरं-धणं भाजलेलं, आणि त्यातलं काळं मीठसुद्धा भट्टीतून निघालेलं. इंदुरी पोह्यांच्या प्लेटमध्ये नियमात बसणारे फक्त कांदा, लिंबू, कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे उरले. थालीपिठाचा विचार आला तर 'भाजणी' या नावानेच दार लावून घेतलं.

मग पोह्यांच्या जागी किसलेला फ्लॉवर. पावसाळी फ्लॉवर, त्यात अळ्या; मिठाच्या पाण्यात ठेवून, धुऊन, पंचात पिळून काढला. हळद, बडीशेप, भिजवलेले शेंगदाणे, लिंबू. दिसायला थेट पोहे. पहिला घास बरा, चौथ्या घासाला कोबीच्या गोदामात बसल्यासारखं वाटलं. दुपारी ऑफिसात पोटाने जे आवाज काढले, ते शेजारच्या टेबलापर्यंत गेले.

मोड आलेल्या मुगाची कच्ची उसळही केली. रात्रभर भिजवून फडक्यात बांधले. उन्हाळ्यात कोरड्या हवेत एका दिवसात छान मोड येतात. पावसाळ्यात तेच गाठोडं बुळबुळीत झालं आणि आंबूस वास मारू लागलं. सरळ फेकलं. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे वास आला की चव बघायच्या फंदात पडू नये. आणि हुशारी करून राजमा भिजवू नका. त्यात लेक्टिन नावाचं विष असतं, ते नीट उकळल्याशिवाय जात नाही.

जमलं ते भुट्ट्याच्या किसाचं. (कणीस म्हटलं की आमच्याकडे भाजीवाला दोनदा विचारतो, म्हणून भुट्टाच.) एरवी आमच्याकडे देशी भुट्टा किसून तुपात परततात, दूध घालून आटवतात. देशी कच्चा खाल्ला तर पिठूळ लागतो. तेव्हा अमेरिकन भुट्टा घेतला, नखाने दाबला की पांढरं दूध उडेल असा. तोही सकाळी आणलेलाच. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो, दुसऱ्या दिवशी गोडी कमी झालेली कळते. किसला, कणसाच्या बुंध्याला चिकटलेलं दूध सुरीच्या पाठीने ओरपून घेतलं. त्यात ताज्या नारळाचं घट्ट दूध, आलं, हिरवी मिरची, लिंबू, साधं मीठ. पाच मिनिटांत खायचा, ठेवला की पाणी सुटतं. तुपाचा खमंगपणा नाही, मान्य. पण बायकोने माझ्या वाटीतून तीन चमचे उचलले, आणि ती पैजेत नव्हती.

सतराव्या दिवशी आई लोणच्याच्या उरलेल्या कैऱ्या किसत होती. म्हणाली, "अरे, आंबेडाळ काय शिजवून करतात का? इतकी वर्षं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला खातोस ना?" खरंच! हरभऱ्याची डाळ पाच तास भिजवून भरड वाटायची, कैरी, ओली मिरची, खोबरं, मीठ, चिमूटभर साखर. बस्स. मी सतरा दिवस फ्लॉवर पिळत बसलो होतो आणि हे घरातच होतं.

आईने कढलं तापवलं.

"फोडणी नको, आई. तेल तापलं की नियम मोडतो."

"हिंगाशिवाय डाळ? पोट धरून बसशील," म्हणत तिने मोहरी टाकली. छर्र! तेल डाळीवर पसरलं, वरची हळद पिवळीजर्द झाली.

मी बहिणीला फोन लावला. "वरचा थर काढून खालचं खाऊ का?"

"हरलास, दादा."

वाटी भरून घेतली, वरच्या थरासकट. आता सोमवार ते शनिवार गाडीवरचे पोहे, रविवारी कच्चा कीस, भुट्टे मिळतायत तोवर.