‘करून राह्यलो’ आणि ‘आय ॲम डुइंग’

सुवर्णमहोत्सवी अंकात आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असतील. छडी, मधली सुटी, गेटबाहेरची बोरं, हे सगळं ते लिहितीलच. मी पेशाने इंग्रजीचा मास्तर. आज आपल्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या कामी येईल असंच काही लिहितो.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी पाचवीत यायचं. तरी आठवीतला पोरगा अजून ‘ही ईट्स’ आणि ‘ही इज ईटिंग’ यांत गोंधळतो. खरं तर नागपूरच्या पोराला हे सोपं जायला हवं. ‘तो डबा खाऊन राह्यला’ म्हणजे आत्ता, या घटकेला. ‘तो रोज डबा खाते’ म्हणजे सवय. त्याच्या घरच्या बोलीत हा भेद तयारच असतो. आपण आधी ‘राह्यला म्हणू नकोस’ म्हणून दटावतो आणि मग तोच भेद इंग्रजीतून शिकवायला बसतो!

तेव्हा फळ्यावर दोन रकाने पाडा: ‘खाते’ आणि ‘खाऊन राह्यला’. आठ-दहा क्रियापदं पुरे. एकाने नुसता अभिनय करायचा, वर्गाने आधी बोलीत सांगायचं, मग इंग्रजीत. लिहिणं शेवटी. दहा मिनिटांत आटोपतं.

इथे हमखास एक चूक होते. पोरं ‘ही ईटिंग’ म्हणतात, ‘इज’ गळतो. बोलीत ‘राह्यला’च्या मागे ‘आहे’ बहुधा लागत नाही, म्हणून. तीन पुठ्ठे करा, ‘ही’, ‘इज’ आणि ‘ईटिंग’. ‘इज’ लाल खडूने रंगवा. तीन पोरं पुठ्ठे धरून उभी करा. प्रश्न विचारायचा झाला की लाल पुठ्ठेवाल्याने पुढे येऊन पहिल्या जागी उभं राहायचं: ‘इज ही ईटिंग?’ मराठीत नुसतं ‘का’ जोडून भागतं, इंग्रजीत शब्दाला जागा बदलावी लागते. हे सांगून कळत नाही, पोराला चालताना पाहिलं की कळतं.

बोलीचा आधार सगळीकडे मात्र चालत नाही. ‘मले समजून राह्यलं’चं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ होतं. नो (know), अंडरस्टँड, वाँट, लाइक एवढ्यांची यादी भिंतीवर लावा आणि वर लिहा: इथे राह्यलं चालत नाही.

हो-नाहीचाही घोळ आहे. ‘डिडन्ट यू कम?’ला पोरगं ‘येस’ म्हणतं, कारण मराठीत ‘हो, नाही आलो’ हेच बरोबर. इंग्रजीत तिथे ‘नो, आय डिडन्ट’ हवं. पोरगं खोटं बोलतंय असं समजून त्याला रागावू नका.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात गणिताच्या सरांनीही शब्द सांभाळावेत. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ वाचून पोरं ५ − १२ मांडतात, कारण आकडे वाचले त्याच क्रमाने उतरवतात. आधी मराठीत म्हणवून घ्या, ‘बारापेक्षा पाचने कमी’, की बारा आपोआप पुढे येतो. ‘टेबल’ म्हणजे पाढाही आणि मेजही, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे घनफळही आणि आवाजही. असे शब्द धड्याआधी पाच-सहाच घ्यावेत, जास्त नको.

घरी छत्तीसगढी किंवा हिंदी बोलणारं पोर नव्याने वर्गात आलं तर त्याच्यासाठी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नवीन. ते कित्येक आठवडे गप्प बसेल. तोवर ‘दाखव’, ‘आण’, ‘जोडी लाव’ अशी कामं द्या. ऐकून केलेलं कामही उत्तरच असतं. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स सांगतात की नवी भाषा खेळण्या-बोलण्यापुरती दोनेक वर्षांत जमते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलणारं पोर विज्ञानाच्या पेपरात अडलं तर त्याला आळशी ठरवू नका.

आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीन आकडे मोजा. बहुतेक मास्तर एका सेकंदातच स्वतः उत्तर देऊन टाकतात. मीही.