तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हात लावून बघा

"जुनी एअर-कूल्ड पोर्शे घ्यायची झाली तर काय बघायचं?" हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ वेळा तरी येतो. विचारणारे दोन तऱ्हेचे. एक म्हणजे परदेशात स्थिरावलेली आमची इंदूरची पोरं, भाचे, पुतणे, मित्रांची मुलं. हातात आता पैसा खेळतोय आणि हा माणूस जर्मनीत असताना असली गाडी बाळगून होता, हे आईकडून कधीतरी कळलेलं असतं. दुसरे म्हणजे रामबागेतले आमचे शेजारी. त्यांना गाडी घ्यायची नसते. "काय सांगून राहिलात, पाणीच नाही तिच्यात?" एवढं परत परत ऐकायचं असतं, कारण एअर-कूल्ड म्हणजे इंजिन पाण्यानं नाही, वाऱ्यानं थंड होणारी गाडी. दोघांनाही मी एकच गोष्ट सांगतो, आणि ती मला जर्मनीत नाही, इथे इंदूरच्या छावणीत कळली होती.

१९८६ची गोष्ट. वडिलांना जुनी चेतक घ्यायची होती. नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वाट बघत बसायचे ते दिवस. राजवाड्यामागच्या एका गल्लीत एक जण विकतोय असं कळलं, म्हणून वडिलांनी छावणीतल्या मिस्त्रीला बरोबर घेतलं. त्याला सगळे उस्तादच म्हणायचे. स्कूटर पुसून-पासून लख्ख उभी होती. मालकानं एका किकमध्ये चालू करून दाखवली. वडील खूश. उस्तादनं ना रंग बघितला ना टायर. खाली वाकून त्यानं उजव्या बाजूच्या फुगलेल्या पत्र्याखाली हात घातला, झटकन बाहेर काढला आणि विचारलं, "अभी कहीं घूम के आए क्या?" मालक म्हणाला, छे, कालपासून जागची हललेली नाही. उस्ताद हात पुसत वडिलांना म्हणाला, "साहब, कल सुबह आएँगे."

वडिलांना फार संकोच झाला. माणसानं चहा दिला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, न कळवता, आम्ही तिघं परत त्या दारात. बावीस किक मी मोजल्या. मधे दोनदा स्कूटर आडवी करून झाली. तेविसाव्या किकला इंजिन लागलं आणि गल्लीभर धूर. परत येताना उस्ताद एवढंच म्हणाला, "गरम इंजन तो सबका अच्छा होता है."

आता चेतक आणि पोर्शे ९११ एका दमात घेतल्या की लोक हसतात. पण इंजिन थंड ठेवायची युक्ती दोघींची एकच. सिलिंडरवर पातळ पातळ पंख, त्यांच्यावर वारा मारणारा फॅन आणि तो वारा इकडेतिकडे न जाता नेमका पंखांवरूनच जावा म्हणून बसवलेली पत्र्याची खोळ. चेतकचा फॅन फ्लायव्हीलवरच असतो. ९११चा मागच्या बाजूला, बॉनेट उघडलं की समोरच दिसणारा मोठा, पट्ट्यावर फिरणारा. त्याच्याच पोटात अल्टरनेटर. म्हणून तो पट्टा तुटला तर डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागतो, आणि तो दिवा लागला की "घर जवळच आहे" म्हणून चालवत राहायचं नसतं. बॅटरीची काळजी नंतर, तुमचा वाराच बंद झालेला असतो.

फॅन इंजिनच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त फिरतो, हेही लक्षात ठेवायचं. महेश्वरहून परत येताना भेरूघाटात वडील चेतक तिसऱ्या गिअरमध्ये रेटत न्यायचे, पेट्रोल वाचवायला. इंजिन कण्हायचं आणि वर पोचेपर्यंत इतकं तापायचं, की अर्धा तास झाडाखाली बसावं लागायचं. उस्ताद ओरडायचा, "नीचे डालो गिअर, चिल्लाने दो उसको." इंजिन जोरात फिरलं तर फॅन जोरात फिरणार. ९११ला हेच लागू. ती ओरडते तेव्हा मजेत असते. मोठ्या गिअरमध्ये हळूहळू रखडत चढवणं हा तिचा छळ.

खरं म्हणजे "एअर-कूल्ड" हे नाव अर्धंच आहे. स्कूटरच्या मानानं या गाडीत ऑइल किती, तर माझ्या गाडीत सगळं मिळून सुमारे तेरा लिटर. ते इंजिनच्या खालच्या ट्रेमध्ये नसतं, वेगळ्या टाकीत असतं, आणि तापलं की लांबलचक नळ्यांतून पार पुढच्या उजव्या मडगार्डमधल्या कूलरपर्यंत जाऊन परत येतं. म्हणजे हवेइतकंच हे ऑइलही इंजिन थंड करतं. नवा मालक पहिली चूक इथेच करतो. सकाळी उठून गार गाडीची डिपस्टिक ओढतो, ती कोरडी दिसते, तो घाबरून लिटर-दोन लिटर ओततो. ऑइल मोजायचं ते गाडी नीट तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून. बाकी सगळं गार असताना बघा, ऑइल तेवढं गरम असताना. ऑइलवरून आठवलं: १९७२च्या मॉडेलला ऑइल भरायचं झाकण बाहेरून दिलं होतं, मागच्या उजव्या बाजूला. पंपावरच्या पोरांना वाटलं पेट्रोलचंच, आणि त्यांनी ऑइलच्या टाकीत पेट्रोल सोडलं. पुढच्या वर्षी कंपनीनं ते झाकण काढूनच टाकलं. आपल्याकडचे पंप उगाच बदनाम आहेत.

आता माझा गाढवपणा.

२००६ साली मी श्टुटगार्टजवळ नोकरीला होतो. बरोबरच्या कुणाकुणाकडे जुन्या गाड्या होत्या. उन्हाळ्यात रविवारी त्या बाहेर निघायच्या आणि मी खिडकीत उभा राहून आवाज ऐकायचो. तिकडे एक सोय आहे, हंगामी नंबर प्लेट. एप्रिल ते ऑक्टोबर अशी प्लेट घ्यायची. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं, म्हणून तेवढे महिने गाडी घरात. त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता विकणारे थोडे मऊ पडतात. हे हेरून मी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी १९८२ची एक ९११ एससी बघायला गेलो. तीन लिटरचं इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, गडद निळा रंग. म्हातारा मालक अतिशय सभ्य. दारातच म्हणाला, तुम्ही येणार म्हणून मी गाडी गरम करून ठेवलीय.

मी इंदूरचा. आमच्याकडे सकाळी पोहेसुद्धा वाफेवर गरम ठेवलेले असतात. गरम करून ठेवलेल्या वस्तूला नाही म्हणायची आम्हाला सवय नाही. मी त्याचे आभार मानले! इंजिन पहिल्याच चावीला लागलं, आवाज असा की अंगावर काटा यावा, आणि तासाभरात मी कागदांवर सही करून मोकळा झालो. मधे एकदा उस्ताद आठवला होता, खोटं कशाला बोलू. पण वाटलं, तो आपला स्कूटरचा मिस्त्री, इथे त्याचं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी चार अंश. मी बायकोला खाली बोलावलं, चावी फिरवली. निळा धूर निघाला. थोडा निघतोच. या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, रात्रभरात ऑइल झिरपून आत जातं आणि सुरुवातीला जळतं. अर्ध्या मिनिटात विरला तर काळजी नाही. माझा विरला नाही. तो अंगणात साठत गेला, वर चढला, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी अशी लावली की काच फुटली असं वाटलं. व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या, झिजल्या होत्या. आदल्या दिवशी गरम इंजिनानं हे सगळं गिळून ठेवलं होतं. त्या हिवाळ्यात इंजिन उतरवून वरचा भाग नव्यानं बांधावा लागला, आणि खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला जाऊन भिडला. म्हाताऱ्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं पाहुणचार केला, आणि तो मी घेतला.

म्हणून सांगतो, विकणाऱ्याला आधीच कळवा: मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा मागचं बॉनेट उघडून इंजिनवर पालथा हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. गार असेल तर चालू करताना ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. एससीसारख्या गाड्यांच्या जुन्या इंजेक्शन पद्धतीत सुरू होताना उलटा भडका उडाला तर वरचा प्लॅस्टिकचा एअर-बॉक्स तडकतो. पहिले दोन-तीन सेकंद, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या इंजिनातल्या साखळीची खडखड ऐकू येईल. ऑइल वर पोचलं की ती थांबायला हवी. थांबली नाही तर साखळी ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे संशयानं बघा.

त्यानंतर आवडत्या वर्कशॉपमध्ये, तुमच्या पैशानं, लीक-डाउन टेस्ट करून घ्या. नुसतं कॉम्प्रेशन मोजून भागत नाही. लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुसली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंग. व्हॉल्व्ह गाइडची झीज मात्र तिलाही नेमकी सापडत नाही. ती सकाळच्या धुरातच.

कोणतं वर्ष घेऊ, यावर माझी मतं आहेत आणि ती कुणाला पटलीच पाहिजेत असं नाही. ९११ पहिल्यांदा दिसली १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात, आणि शेवटची बिनपाण्याची गाडी निघाली १९९८ साली. इतक्या वर्षांत बरंच काही बदललं. १९७४ ते ७७च्या २.७ लिटरच्या गाड्यांत इंजिनचं कवच मॅग्नेशियमचं. उष्णतेनं त्यातले हेडचे स्टड, म्हणजे सिलिंडरचं डोकं आवळून धरणारे लांब बोल्ट, आटे सोडून वर येतात. कुणीतरी आधीच नीट दुरुस्त केलं असेल तरच घ्या, आणि बिल मागा. १९७८पासूनच्या एससीमध्ये कवच ॲल्युमिनियमचं झालं, दणकट. तिथे हेडचा एखादा स्टड मोडलेला सापडतो, व्हॉल्व्हची झाकणं काढून बघता येतं. १९८४पासूनच्या ३.२ लिटरच्या गाडीत टेन्शनरला ऑइलचा दाब मिळाला आणि तो वैताग बराचसा संपला. १९८७पासून गिअरबॉक्सही बदलला, गिअर हातात लोण्यासारखा पडतो. डोकं शांत ठेवून घ्यायची तर ती. मला स्वतःला एससीच आवडते, पण प्रेमात पडलेल्या माणसाची साक्ष काढू नये.

पत्रा मात्र इंजिनपेक्षा महाग पडतो. इंजिन उतरवता येतं, सडलेली चौकट नाही. १९७६च्या मॉडेलपासून सगळ्या बॉडीला जस्ताचा मुलामा आला. त्याआधीची गाडी घेत असाल तर दाराखालचे पत्रे, बॅटरीच्या खालची जागा, काचांच्या कडा, सगळीकडे चुंबक फिरवा. चुंबक सुटला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. चुंबक खिशात घेऊन फिरायला लाजू नका. मी जर्मनीत लाजलो होतो, आणि तेही माझ्या हिशेबात धरा.

शेजाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: इकडे का नाही आणली? आणता येत नव्हती, इतकंच. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. माझी एकतीस वर्षांची आणि स्टिअरिंग डावीकडे. "ओळख आहे, करवून देऊ," असं सांगणारे दोघे-तिघे भेटले. त्यांना मी लांबूनच नमस्कार केला. २०१३मध्ये परत येताना विकून टाकली, आणि त्यानंतर असल्या गाड्यांचे भाव जे चढले ते बायको अजून ऐकवते. गंमत अशी की या गावाला परदेशी गाड्यांचं कौतुक नवं नाही. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ सालच्या डुसेनबर्ग या अमेरिकन गाडीची बॉडी लंडनच्या कारागिरांकडून बांधवून घेतली होती. त्यांनी एका जर्मन वास्तुविशारदाकडून, एकार्ट मुथेसियसकडून, माणिकबाग महाल बांधून घेतला. त्याच महालात नंतर केंद्रीय उत्पादन शुल्काचं कार्यालय बसलं.

इथेच एखादी जुनी गाडी, अगदी बीटलसुद्धा, मिळत असेल तर आधी आरसी आणि चेसिस नंबर जुळवा, पेन्सिलनं घासून. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१पासून व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज सराफ्यात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढायची.

मागच्या महिन्यात टेक्ससमधल्या भाच्याचा फोन आला. रात्रीचे नऊ वाजले होते, त्याच्याकडे सकाळ. १९८६ची ३.२ बघायला गेला होता. "मामा, हात लावून बघितला, गार आहे. आता ऐक." फोन त्यानं इंजिनजवळ धरला. चावी, खडखड, आणि नेमकं तेव्हाच आमच्या गल्लीत एक वरात आली. बँडवाल्यांनी जे काही सुरू केलं त्यात मला ना खडखड थांबलेली कळली ना सुरू राहिलेली.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही. परत लाव."

"परत कशी लावू? आता गरम झाली ना."

"मग उद्या सकाळी परत जा."

"मामा, तीन तासांचं ड्रायव्हिंग आहे."

"मग मुक्काम कर," मी म्हटलं.